ट्रान्स पेशंट आणि डॉक्टर: केसपेपरपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत

रानजाई (धागाकर्ती)

सरकारी ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला फार तर पाच-सात मिनिटं येतात. त्यातली निम्मी "हे नाव तुमचंच का?" यात गेली, तर ज्या पोटदुखीसाठी रांग लावली तिला उरतं काय? म्हणून ट्रान्स, म्हणजे जन्मावेळची लिंगाची नोंद आणि स्वतःची ओळख वेगळी असलेल्या, पेशंटांसाठी हा धागा. पेशंटने काय सांगावं, डॉक्टरने काय विचारावं, लॅबमध्ये कुठे घोळ होतो, औषधांत काय सांभाळायचं हे एका जागी लिहून ठेवू. आपबीतीसाठी वेगळा धागा आहे. इथे फक्त उपयोगाची माहिती. रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावं घेऊन तक्रारी नकोत.

सुरुवात एका कागदाने करते. ए-फोरचं अर्धं पान पुरतं. सगळ्यात वर हाक मारायचं नाव, त्याखाली आधारवरचं नाव आणि वय. मग चालू औषधं. "हार्मोन चालू" एवढंच लिहिलंत तर त्याचा काही उपयोग नाही. औषधाचं नाव, मिलिग्रॅम, गोळी की इंजेक्शन की जेल, कधीपासून आणि शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला, हे सगळं हवं. त्यानंतर झालेल्या शस्त्रक्रिया आणि त्यांचं साल. मग जी ओळ बहुतेक जण विसरतात ती: आज शरीरात असलेले अवयव. गर्भाशय, बीजकोश, वृषण, प्रोस्टेट यांपैकी काय आहे आणि काय काढलंय. शेवटी ॲलर्जी, मागचे रिपोर्ट कधीचे आहेत ते आणि अडीअडचणीला फोन कोणाला करायचा ते.

खोलीत शिरल्यावर पहिलं वाक्य ओळखीचं असावं असं माझं मत. "मी ट्रान्स पुरुष आहे, टेस्टोस्टेरॉन चालू आहे, गर्भाशय आहे." म्हणजे पुढचे गैरसमज टळतात.

---

डॉ_खडू

कागदाला शंभर टक्के अनुमोदन. पहिल्या वाक्याबद्दल मात्र असहमत. तक्रार आधी सांगा. "कालपासून पोटात उजव्या बाजूला खाली दुखतंय, दोनदा उलटी झाली" हे ऐकलं की डॉक्टरचं डोकं अपेंडिक्सच्या वाटेला लागतं. त्याला जोडून लगेच "मी ट्रान्स पुरुष, टेस्टोस्टेरॉन चालू, गर्भाशय आणि बीजकोश आहेत" म्हटलंत की त्या वाटेवर आणखी दोन शक्यता येतात. ओळख आधी सांगितली की बरेच डॉक्टर तिथेच अडकतात आणि पुढची सगळी तक्रार हार्मोनच्या माथी मारून मोकळे होतात. हात मोडलेल्या माणसालाही "हार्मोन कधी सुरू केले?" विचारणारे आहेत.

आता टेबलाच्या अलीकडच्या लोकांसाठी. प्रश्न विचारायच्या आधी मनाशी एकच कसोटी लावा: याच्या उत्तराने माझा इलाज बदलणार आहे का? घसा दुखणाऱ्याला खालच्या ऑपरेशनबद्दल विचारून काही बदलत नाही. लघवीला जळजळ होणाऱ्याच्या बाबतीत बदलतं, तिथे विचारायलाच हवं. पण का विचारतोय ते आधी सांगा: "जंतुसंसर्ग कुठवर असेल ते ठरवायचंय, म्हणून विचारतो, मूत्रमार्गाची काही शस्त्रक्रिया झाली आहे का?" कारण कळलं की माणूस नीट उत्तर देतो.

टाळायचे प्रश्न: "आधी काय होतात?", "ऑपरेशन पूर्ण झालं का?", "खरं नाव काय?" त्याऐवजी "हाक कशी मारू?", "कागदोपत्री नाव वेगळं आहे का?", "जन्मावेळी नोंद काय होती?" पुरतात.

आपल्या भाषेत सोय आहे, ती वापरा. तुम्ही-आम्हीच्या भाषेत स्त्री-पुरुष आपोआप गळतं: "कधी आलात, काय खाल्लंत, कुठे दुखतं." पंचाईत होते ती सिस्टरला निरोप देताना, "त्यांना आत पाठवा"च्या जागी "तो आलाय" तोंडातून जातं तेव्हा. बाहेर पुकारा टोकन नंबराने किंवा नुसत्या आडनावाने करा. भरल्या व्हरांड्यात आधारवरचं पूर्ण नाव ओरडून पुकारलं की पेशंट उठतच नाही. रजिस्टरमध्ये त्याची "गैरहजर" अशी नोंद होते आणि आपण म्हणतो, हे लोक फॉलोअपला येत नाहीत.

आणि पोटदुखीचं राहिलंच. टेस्टोस्टेरॉनवर पाळी थांबते, पण बीज सुटणं थांबेलच असं नाही. ते गर्भनिरोधक नव्हे. गर्भाशय आहे आणि गर्भ राहू शकेल असा संबंध आहे, तर दाढी असली तरी पोटदुखीत लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायची. गर्भाशयाबाहेर नळीतच वाढणारा गर्भ याच कारणाने नजरेतून हुकतो. क्ष-किरण आणि सीटी स्कॅनच्या टेबलावरही हाच प्रश्न "पु" लिहिलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. गर्भ राहिलाच तर टेस्टोस्टेरॉन बाळाला घातक असतं, त्यामुळे उशीर परवडत नाही.

---

तपासनीस

लॅबच्या बाजूने लिहितो, कारण घोळाचा मोठा वाटा आमच्याकडे आहे.

रिपोर्टवर जी "नॉर्मल रेंज" छापून येते ती सॉफ्टवेअर नोंदणीतल्या स्त्री/पुरुष खुणेवरून उचलतं. टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या माणसाची नोंद "स्त्री" असेल तर साडेपंधरा हिमोग्लोबिनवर लाल बाण येतो आणि बिचारा घाबरून इंजेक्शन बंद करतो. उलट इस्ट्रोजेनवर असलेल्या बाईची नोंद "पुरुष" असेल तर १२.५ वर ॲनिमियाचा शिक्का बसून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. हार्मोन नियमित चालू होऊन काही महिने झाले असतील तर हिमोग्लोबिन चालू हार्मोनच्या रेंजने वाचायचं. क्रिएटिनिनवरून काढलेली किडनीची क्षमता सीमारेषेवर आली तर स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही सूत्रांनी काढून बघायची. टेस्टोस्टेरॉनवर खरी धोक्याची खूण म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर जाणं. तिथे डोस कमी करावा किंवा थांबवावा लागतो.

काही सॉफ्टवेअर "पुरुष" नोंदीवर बीटा एचसीजी (गर्भाची रक्ततपासणी) आणि "स्त्री" नोंदीवर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) घेतच नाहीत. तपासणी नाकारून पेशंटला परत पाठवू नका. लिंग "इतर" करून पाहा, नाहीतर हाताने नोंद करा आणि शेरा लिहा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "टेस्टोस्टेरॉन चालू" एवढे दोन शब्द लिहिले तरी आमची अर्धी कटकट मिटते.

नमुना कधी द्यायचा हेही कोणी सांगत नाही. टेस्टोस्टेरॉन एनँथेटचं इंजेक्शन असेल तर दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर. अनडेकॅनोएट असेल, म्हणजे बारा आठवड्यांनी घ्यायचं, तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊन "लेव्हल फार वाढली" म्हणण्यात अर्थ नाही.

अजून एक. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खूप जण घेतात. बऱ्याच यंत्रांवर बायोटिनमुळे इस्ट्राडायोल आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा वर जातो. तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

---

निळीशाई

माझा प्रश्न थेट आहे. डॉक्टरकडे न जाता इस्ट्रोजेनसाठी मेडिकलमधून माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला तीन-चार खाणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. "बंद करा" म्हणून ऐकत नाहीत. त्यांना नेमकं काय सांगायचं?

---

औदुंबर

"बंद करा" हे अर्धंच उत्तर आहे म्हणून ऐकत नाहीत. "हे बंद करा आणि याच्याऐवजी हे" असं सांगावं लागतं.

माला-डीच्या एका गोळीत इथिनिल इस्ट्राडायोल ०.०३ मि.ग्रॅ. आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मि.ग्रॅ. असतं. इथिनिल हे बनावटी इस्ट्रोजेन. यकृतात ते सहजी मोडत नाही आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. चार गोळ्या म्हणजे १२० मायक्रोग्रॅम, वर तंबाखू-सिगारेट, वर वय चाळिशीपुढे, मग पायात गुठळी व्हायला वेळ लागत नाही. मुरुमांवरची गोळी, जिच्यात सायप्रोटेरॉन २ मि.ग्रॅ. आणि इथिनिल ३५ मायक्रोग्रॅम असतं, तीही याच जातीची.

आता तपासनीसांच्या मुद्द्याला जोडून एक मेख. लॅबची इस्ट्राडायोलची तपासणी इथिनिल पकडत नाही. त्यामुळे रोज चार गोळ्या खाऊनही रिपोर्टमध्ये इस्ट्राडायोल कमीच दिसतं. बाई समजते गोळी पुरत नाही आणि पाचवी सुरू करते. हे एकदा कागदावर आकडे मांडून समजावलं की पटतं.

पर्याय म्हणजे शरीरातल्यासारखंच इस्ट्राडायोल: इस्ट्राडायोल व्हॅलेरेटच्या गोळ्या, साधारण दिवसाला २ ते ६ मि.ग्रॅ. डॉक्टर ठरवतील तशा, किंवा जेल. वय जास्त असेल किंवा गुठळीचा धोका असेल तर त्वचेवरून देणं बरं. सोबत पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन, बहुधा १०० ते २०० मि.ग्रॅ. रक्तातलं लक्ष्य: इस्ट्राडायोल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मि.लि., टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एक-दोनदा. डोस दुप्पट केला म्हणून छाती दुप्पट वेगाने वाढत नाही. दोन-तीन वर्षांचं काम आहे ते.

स्पायरोनोलॅक्टोन निरुपद्रवी समजू नका. पोटॅशियम वाढवतं. बीपीला टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आधीच चालू असेल तर जोडी धोक्याची, कारण तीही पोटॅशियम वाढवतात. वर उन्हाळ्यात रोज शहाळं. सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचंच. सायप्रोटेरॉन (पुरुषी हार्मोन दाबणारं दुसरं औषध) द्यायचंच तर दिवसाला १० मि.ग्रॅ.च्या आसपास पुरतं. आपल्याकडे गोळी ५० मि.ग्रॅ.ची मिळते आणि लोक ती अख्खी घेतात. जास्त डोस वर्षानुवर्षं घेतल्यास यकृताला त्रास आणि मेंदूच्या आवरणाची गाठ, असे दोन्ही धोके नोंदलेले आहेत.

पुरुष हार्मोनवाल्यांसाठी: सस्टॅनॉन या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर सुई टोचायच्या आधी सांगा.

आणि हे पाठ करून ठेवा: एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, तोंड वाकडं होणं यापैकी काहीही झालं तर थेट कॅज्युअल्टी गाठा. गोळ्या चिठ्ठीशिवाय घेतल्या असल्या तरी सांगायला लाजू नका. "इस्ट्रोजेन चालू आहे" या तीन शब्दांवर पुढचा तास अवलंबून असतो.

---

निळीशाई

@औदुंबर, स्क्रीनशॉट काढून ठेवला. इथिनिलचं रिपोर्टमध्ये न दिसणं डोक्यातच नव्हतं.

---

फिरस्ता

डेऱ्यांवर, म्हणजे हिजडा समुदायातल्या गुरू-चेल्यांच्या घरांत, काम करणाऱ्यांसाठी तीन-चार गोष्टी. या शहरी चर्चेत त्या नेहमी राहून जातात.

निर्वाण. पुस्तकात हा शब्द नसतो, त्यामुळे इंटर्नला काही कळत नाही. लिंग आणि वृषण दोन्ही काढलेले, बऱ्याचदा रुग्णालयाबाहेर, दाईकडून. डॉक्टरने "निर्वाण झालं आहे का?" एवढंच साधेपणाने विचारलं तर उत्तर लगेच मिळतं. "कोणी केलं, पोलीस केस झाली का" सुरू केलंत की संवाद संपला. वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचं काय? एक, मूत्रमार्गाचं तोंड आकसतं. धार बारीक होते, जोर लावावा लागतो, लघवी तुंबते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. दर वेळी अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं तर तेच पेशंट महिन्याने परत येणार. तोंड रुंद करणं हा खरा इलाज. दोन, वृषण काढल्यावर स्पायरोनोलॅक्टोनची गरज उरत नाही, तरी लोक घेतच राहतात. तीन, वृषण नाहीत आणि इस्ट्रोजेनही नाही अशी वर्षं गेली की हाडं ठिसूळ होतात. चाळिशीतल्या बाईचं मनगट साध्या पडण्याने मोडलं तर हाडांची घनता बघा.

लघवीची नळी. तातडीत सिस्टर किंवा इंटर्न नेहमीची १६ नंबरची घेऊन येतात, छिद्र सापडत नाही, मग जोर लावतात. जोर लावायचा नाही. बारीक, १० किंवा १२ नंबरची घ्या, भरपूर जेली लावा. जात नसेल तर थांबा आणि यूरॉलॉजिस्टला बोलवा. वरून, पोटातून नळी टाकता येते. खोटी वाट पडली तर जन्माचं दुखणं.

टीबी. उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की इस्ट्राडायोल, टेस्टोस्टेरॉन दोन्ही भराभर मोडतात. गरमीच्या लाटा, चिडचिड, थांबलेली पाळी परत येणं हे त्यामुळे होतं. पेशंटला वाटतं टीबीच्या गोळ्यांनी "सगळं घालवलं" आणि तो टीबीच्या गोळ्या सोडतो. सुरुवातीलाच सांगा: सहा महिने असं होईल, हार्मोनचा डोस स्वतःहून वाढवू नका, डॉक्टर बघतील. एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असताना त्यात डोल्युटेग्राव्हिर असेल तर रिफाम्पिसिन चालू असेतो ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे. एरवी डोल्युटेग्राव्हिर आणि इस्ट्रोजेनचं आपसात भांडण नाही. "हार्मोन घेते म्हणून एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या" हा गैरसमज डेऱ्यावर फार पसरलेला आहे, तो काढा.

सही कोणाची? पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याची स्वतःची. गुरूची किंवा नातेवाइकाची सही ही रुग्णालयाची रीत, संमतीला तिची गरज नाही. पण गुरूला बाहेर काढूनही चालत नाही, कारण घरी सांभाळणार तीच. पेशंटला एकटीला विचारा, "गुरूसमोर बोललेलं चालेल का?" आणि मग ठरवा.

---

डॉ_खडू

@फिरस्ता, नळीचा परिच्छेद छापून कॅज्युअल्टीत लावावा असा आहे.

एक भर. योनी-निर्मितीची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये प्रोस्टेट जागेवरच असतं, काढत नाहीत. इस्ट्रोजेनवर पीएसए खूप खाली राहतं, त्यामुळे छापील रेंजमधला आकडा बघून निश्चिंत होऊ नका. १ च्या वर गेला तरी लक्ष घाला. उलट ट्रान्स पुरुषाचं गर्भाशयमुख असेल तर कॅन्सरची तपासणी चुकवायची नाही. सरकारी यादी "महिला, वय ३० च्या पुढे" अशी निघते, त्यात "पुरुष" नोंद झालेल्याचं नाव येतच नाही. स्वतः मागून घ्यावी लागते.

पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींचा नमुना) घेताना छोटा स्पेक्युलम वापरा. टेस्टोस्टेरॉनने अस्तर सुकतं, दुखतं आणि नमुना अपुरा भरतो. पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर "टेस्टोस्टेरॉन चालू, पाळी बंद" लिहा, नाहीतर सुकलेल्या पेशी बघून उगाच संशयाचा रिपोर्ट येतो. आतून तपासणी नकोच असेल तर एचपीव्हीचा (या कॅन्सरला कारण असलेल्या विषाणूचा) नमुना स्वतः घेता येतो, जिथे सोय असेल तिथे. सोनोग्राफीही आधी लघवी भरून पोटावरून करा, आतून करायची तर विचारून.

छाती बांधून येणाऱ्याला स्टेथोस्कोप किंवा ईसीजीसाठी बाइंडर सैल करायला सांगताना पडदा ओढा. आठ तासांपेक्षा जास्त नाही, झोपताना नाही आणि क्रेप बँडेज कधीच नाही. ते श्वासागणिक आवळत जातं.

---

कोरा_कागद

सगळं ठीक आहे, पण वेगळे वॉर्ड हेच उत्तर नाही का? मुंबईत जी.टी. रुग्णालयात २०२३ मध्ये स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. प्रत्येक जिल्ह्यात असा एक केला की प्रश्न मिटला.

---

फिरस्ता

मिटत नाही. वॉर्ड हवाच, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर. पण हार्ट ॲटॅक आलेल्या माणसाला आयसीयूच लागतो आणि बाळंतपणाला लेबर रूम. वेगळा वॉर्ड झाला की बाकीचे विभाग "तिकडे जा" म्हणायला मोकळे. दाराशी उभ्या पेशंटला भेटतो तो सिक्युरिटीवाला, मग केसपेपरच्या खिडकीवरचा क्लार्क, मग वॉर्डातल्या मावशी. डॉक्टर चौथा.

आणि वेगळं दुकान परक्या पैशावर उभं असलं तर काय होतं ते आपण पाहिलं. मित्र क्लिनिक, समुदायातल्याच लोकांनी चालवलेली, हैदराबाद, कल्याण आणि पुण्याला होती. सल्ला, हार्मोन, एचआयव्ही, सगळं एका छताखाली आणि चांगलं चाललेलं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि तिन्ही बंद पडली. ज्यांचे हार्मोन तिथून चालू होते त्यांनी जायचं कुठे, तर पुन्हा त्याच जनरल ओपीडीत.

---

पाटीपेन्सिल

शिक्षणाकडे येऊ, नाहीतर धागा औषधांतच संपेल.

ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्क संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्ये सरकारने वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा असं स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्ष हालचाल झाली ती कोर्टाच्या रेट्याने. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ ला एस. सुषमा प्रकरणात (एका समलिंगी जोडप्याच्या संरक्षणाच्या याचिकेत) निर्देश दिले. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांतला अवमानकारक मजकूर काढायला सांगितलं आणि २०२२ मध्ये ओळख "बदलवण्याचे" उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आणि मग त्याच आयोगाने ऑगस्ट २०२४ अखेरीच्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकात जुन्या "अनैसर्गिक गुन्ह्यां"ची यादी परत आणली! ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत ती मागे घ्यावी लागली. म्हणजे पुस्तक बदललं असं गृहीत धरून चालत नाही, दर आवृत्तीला तपासावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत (अंमल जानेवारी २०२२ पासून) ट्रान्स असण्याची बाब मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. तरीही लेक्चर मानसोपचार विभागाच्या एका तासात उरकतात. त्यामुळे मुलांच्या डोक्यात "ट्रान्स म्हणजे सायकियाट्रीला रेफर" हेच बसतं.

काय करता येईल? एमबीबीएसला २०१९ पासून वृत्ती-नीती-संवादाचं मॉड्यूल आहे. वेगळा विषय मागत बसण्यापेक्षा त्यातल्याच एका सत्रात हे घ्या. समुदायातल्या व्यक्तीला "बोलायला" बोलावू नका. मग ती आयुष्याची कहाणी सांगते, मुलं टाळ्या वाजवतात आणि शून्य शिकतात. त्याऐवजी तिला पेशंटची भूमिका द्या, मानधन द्या, आणि सहा-आठ मुलांच्या गटाला सात मिनिटांत हिस्ट्री घ्यायला लावा. एकाला लघवीची तक्रार, दुसऱ्याला पोटदुखी, तिसऱ्याला नुसता ताप. तापवाल्याला कोणी निर्वाणाबद्दल विचारलं की तिथेच थांबवा आणि विचारा, "याने इलाज बदलला का?" गुण देताना पेशंटची भूमिका करणारीचेही गुण धरा.

नर्सिंग, लॅब टेक्निशियन, क्लार्क, सिक्युरिटी यांचं प्रशिक्षण वेगळं आणि छोटं असावं: चाळीस मिनिटं, खिडकीवरचे चार-पाच प्रसंग, व्याख्यान नाही. कंत्राटी माणसं बदलत राहतात, म्हणून दर सहा महिन्यांनी परत.

शाळांचं म्हणाल तर एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्स मुलांच्या समावेशावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि आरडाओरडा होताच मागे घेतली. हातात उरतात ती "मैत्री" क्लिनिकं, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी, सरकारी रुग्णालयांत. तिथल्या समुपदेशकाकडे पाळीची आणि मुलग्यांची अशा दोनच फायली असतात. पाळी येणारा मुलगाही दारात येऊ शकतो एवढं त्या समुपदेशकाला माहीत असणं, ही सुरुवात.

---

कोरा_कागद

वॉर्डाबद्दल मत बदलत नाही, पण सिक्युरिटीवाल्याचा मुद्दा मान्य. आता पैशाचं सांगा कोणीतरी.

---

रानजाई

थोडक्यात सांगते. केंद्राचं आयुष्मान भारत टीजी प्लस: ऑगस्ट २०२२ मध्ये करार झाला, वर्षाला ५ लाखांचं कवच, लिंगबदलाशी संबंधित उपचारही त्यात. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरचं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागतं. मात्र घोषणा झाली म्हणजे रुग्णालयात पॅकेज चालू झालं असं नाही, भरती होण्याआधी आरोग्यमित्राकडून लेखी मंजुरी घ्या. राज्याची महात्मा फुले योजना आहेच, पण रेशनकार्ड मागतात आणि घर सोडलेल्यांकडे नेमकं तेच नसतं. अशा वेळी खिडकीवर वाद घालू नका, वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना शोधा. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात त्यांचं ऑफिस असतं आणि कागद नसलेल्यांची वाट त्यांना ठाऊक असते.

खासगी विम्यात "पुरुष" नावावर गर्भाशय काढल्याचं बिल संगणकच फेटाळतो. पूर्वमंजुरीच्या अर्जासोबतच सर्जनचं एका परिच्छेदाचं पत्र जोडा: जन्मावेळची नोंद, आजची कायदेशीर नोंद, शस्त्रक्रिया आणि कारण. नंतर भांडण्यापेक्षा आधी एक कागद बरा.

मन फार बिघडलं असेल तर टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलतात.

---

निळीशाई

आणि डॉक्टरने नाकारलं किंवा अपमान केला तर? नावं नकोत म्हणालात, पण मार्ग तरी सांगा.

---

डॉ_खडू

आधी कागद गोळा करा. आंतररुग्ण असाल तर तुमची वैद्यकीय कागदपत्रं लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात, तसा नियमच आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मग रुग्णालयाचा तक्रार निवारण अधिकारी किंवा अधीक्षक, त्यांना तारीख, वेळ, विभाग आणि नेमकं काय बोललं गेलं ते. विशेषणं नकोत, वाक्यं लिहा. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. "बदलून टाकतो" म्हणून शॉक किंवा औषधं दिली असतील तर अर्जात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ च्या आदेशाचा उल्लेख करा. मानसोपचारात भेदभाव झाला तर मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १८. एचआयव्हीची माहिती फोडली तर त्याच वर्षीचा एचआयव्ही कायदा. शिकाऊ मुलांचा घोळका तपासणीला नको असेल तर नाही म्हणता येतं, त्यासाठी तक्रारीपर्यंत जायचीही गरज नाही.

---

तपासनीस

@रानजाई, त्या अर्ध्या पानाचा नमुना बनवताय तर एक सूचना. औषधांची नावं आणि डोस इंग्रजीत ठेवा, बाकी मराठीत. रात्रपाळीचा फार्मासिस्ट मराठीतलं "स्पायरोनोलॅक्टोन" वाचत बसत नाही.

---

रानजाई

चालेल. नमुना पुढच्या आठवड्यात इथेच टाकते, पीडीएफ आणि फोटो दोन्ही. आणि कोणी लॅमिनेट करू नका, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी डोस बदलू शकतो. पेन्सिलने लिहा, तारीख घाला.